पुरुषांच्या वॉर्डातलं भांडं

माझं नाव घ्यायला माणसं लाजतात, म्हणून आधी मीच घेऊन टाकतो. मी बेडपॅन. ज्याला खाटेवरून उठता येत नाही, अशा आजाऱ्याच्या कंबरेखाली सरकवायचं भांडं. एनॅमलचं, पांढरं, काठाला निळी रेघ असलेलं. तुम्ही नाक मुरडलंत तरी माझी हरकत नाही. नऊ वर्षं मी तेच पाहत आलोय. फक्त पान उलटू नका. जे सांगायचं आहे ते मोजक्या दोन-तीन माणसांना ठाऊक आहे, आणि ती माणसं कधी बोलणार नाहीत.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यातला. पत्र्याची चकती साच्यात दाबली, वर मुलामा चढवला आणि भट्टीत घातली, असं तीनदा. त्याच पत्र्यातून त्या दिवशी ताटल्या निघाल्या, चहाचे मग निघाले. त्या ताटल्या कुणाच्या तरी मांडणीवर दिमाखात बसल्या असतील. आम्हां सहा जणांना गवतात गुंडाळून खोक्यात भरलं आणि १९४९ सालच्या हिवाळ्यात चिंचवड स्टेशनवर उतरवलं. खोकं उघडणाऱ्या हमालाने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि हे कसलं परातीवानी म्हणून विचारलं. कारकुनाने सांगितल्यावर त्याने मला खाली ठेवलं आणि दोन्ही हात धोतराला पुसले. मी तेव्हा कोरा करकरीत होतो. मला अजून पाणीसुद्धा लागलं नव्हतं.

दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा, चाळीस खाटांचा, पिंपरीच्या अलीकडे. मागे ज्वारीची रानं, समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची छावणी. माझी नेमणूक पुरुषांच्या वॉर्डात झाली. चौदा खाटा. भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण इथली माणसं बैलगाडीतून येत. बैलाने मारलेली, विहिरीत पडलेली, झाडावरून घसरलेली. वॉर्डात नर्स म्हणून ज्या मुली होत्या त्या शिकाऊ. सातारा-नगरकडून आलेल्या, सतरा-अठरा वर्षांच्या.

माझा प्रवास ठरलेला असे. मुलीने मला खाटेपर्यंत न्यायचं, आजाऱ्याखाली ठेवायचं, नंतर काढून वॉर्डाच्या दारापर्यंत आणायचं. दारात सफाईवाला आबाजी उभा असे. तो मला मोरीवर नेऊन रिकामा करी, फिनेलने धुई आणि उन्हात उपडा घाली. आबाजीने उंबरा ओलांडायचा नाही. देशात शिवाशीव मोडायचा कायदा झाल्याचं वर्तमानपत्रात येई. वॉर्डातल्या माणसांना आबाजीचा हात खाटेला लागलेला चालत नसे.

आणि त्या मुलींच्या हातून मला घेणं पुरुषांना जमत नसे. हे मी कितीदा पाहिलं सांगू? सहा फुटांचा गडी, पैलवानकी केलेला, पोरीने पडदा ओढला की मान भिंतीकडे करी आणि म्हणे, काही नको, मला लागलीच नाही. मग दिवसभर पोट धरून पडून राही. काही जण जेवणच सोडत. पाणी पीत नसत. डॉक्टर विचारत, भूक का नाही? काय सांगणार? मी खाटेखाली असे. सगळं कळूनही माझ्या हाती काही नसे. भांड्याला स्वतःहून सरकता येत नाही.

कुरुळीच्या दत्तोबांचं तसंच झालं. १९५२ सालची गोष्ट. सत्तरी गाठलेला माणूस, बांधावरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. चार नंबरच्या खाटेवर त्यांना उताणं निजवून पायाला दोरी बांधली होती, दोरी कप्पीवरून घेऊन टोकाला वजन लटकवलं होतं. सहा आठवडे हलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. शालन नावाच्या मुलीकडे ती खाट होती. शहाणी, हळुवार हाताची. तिने पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "पोरी, तू माझ्या नातीयेवढी हायेस. जा तू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी परत केली. तिसऱ्या दिवशी पाणी बंद केलं. मुलगा ज्योतीराम शाळा सुटल्यावर सायकलने येई. शाळामास्तर होता, काळी टोपी, स्वच्छ धोतर, बोलणं मोजकं. त्याने दोनदा विचारलं, बाबा, काही हवं का? म्हातारे म्हणाले, काही नको. मुलाला तरी कसं सांगायचं?

पाचव्या दिवशी दुपारी वॉर्ड पेंगत असताना दत्तोबांनी पायाची दोरी सोडली आणि खाटेवरून खाली उतरले. मोरीपर्यंत जायचं होतं. दीड पाऊल टाकलं असेल. मोडलेलं हाड पुन्हा सरकलं, ताप भरला, छातीत कफ झाला आणि अकराव्या दिवशी म्हातारे गेले.

ज्योतीराम आला तेव्हा शालन रडत होती. तिने जे झालं ते सांगून टाकलं.  तो खाली वाकला आणि खाटेखाली पाहिलं. मी तिथेच होतो, हाताच्या अंतरावर, कोरडा. त्याने मला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तसाच बसला. बापाचं अंथरूण गुंडाळायचं सोडून मास्तर हे काय घेऊन बसला, म्हणून शेजारच्या खाटेवरचे बघत होते.

पुढच्या जुलैमध्ये तो परत आला, शाळेचा राजीनामा देऊन. वय अडतीस. मेट्रन कुसुमताई वॉर्डात फेरी घालत होत्या, तिथेच त्यांना गाठून त्याने नर्सिंग शिकायचा अर्ज दिला. कुसुमताई लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात काम केलेल्या, करड्या. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, या वयात माणसं मुलींची लग्नं जमवतात, आणि तुम्ही मुलींबरोबर वर्गात बसणार? पुरुषांना इथे कुणी घेतलेलं नाही. राहायला जागा फक्त मुलींची. बाळंतपणाचा विषय तुम्हांला शिकता येणार नाही, त्याऐवजी दुसरं काही करावं लागेल. गणवेश कोणता द्यायचा, तेही कुठे लिहिलेलं नाही.

ज्योतीरामने एवढंच सांगितलं, की माझे वडील तुमच्या चार नंबरवर होते.

कुसुमताईंनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. सहा महिने बघते, म्हणाल्या. या वॉर्डातल्या पुरुषांना तुमचा उपयोग झाला तर पुढची तीन वर्षं. नाही झाला तर घरी. शाळेतली जागा तोवर भरली गेली असेल, हे लक्षात ठेवा.

त्याला कंपाउंडरचा जुना पांढरा कोट मिळाला. कोपरावर ठिगळ होतं. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे. आठ मुली आणि एक गुरुजी. हाडांची नावं मुलींना पाठ होत नसत, ती तो करून घेई. आणि अंथरुणाचे कोपरे कसे दुमडायचे हे त्याला जमत नसे, ते मुली शिकवत. रोज कुरुळीहून सायकलने यायचं आणि सायकलनेच जायचं.

माझ्याकडे मात्र त्याने सुरुवातीपासून नीट लक्ष दिलं. आधी कोमट पाण्याने खंगाळायचं, म्हणजे अंगाला गार लागणार नाही. मग पुसून कोरडं करायचं. काठावर पावडर टाकायची. वर धुतलेलं फडकं घालायचं. मोडलेल्या पायाच्या उलट बाजूने यायचं, एक हात कंबरेखाली घालायचा आणि दुसऱ्या हाताने मला सरकवायचं. असं कुणी शिकवलं नव्हतं. त्याने एकदा स्वतः रिकाम्या खाटेवर निजून शालनला आपल्याखाली भांडं ठेवायला सांगितलं होतं आणि कुठे टोचतं ते बघून घेतलं होतं.

एवढं सगळं करून तो पहिल्यांदा मला घेऊन एका आजाऱ्याकडे गेला. मोशीचा बागाईतदार, कंबर धरलेली. त्याने पडद्याआड गुरुजींना ओळखलं आणि पडल्या पडल्या दोन्ही हात जोडले.

"गुरुजी, माझ्या नरड्यावर सुरी ठेवा, पर ह्ये नगं. माझ्या पोराला तुमी पाटीवर श्री काढून दिला. तुमच्या हातात ह्ये? मला नरकात बी जागा मिळायची न्हाई."

दुसरा त्याच्याकडे शिकलेला होता. त्याने तर उठून पाया पडायचा प्रयत्न केला; प्लास्टर घातलेला पाय खाटेच्या दांडीवर आपटला आणि तो ओरडला. तिसरा म्हणाला, शालनबाईला पाठवा, तिच्याकडून घेईन. शालन गेली तर तिलाही नाही म्हणाला.

तर असा प्रकार होता. पोरींकडून घ्यायचं नाही, कारण त्या पोरी. आबाजीकडून घ्यायचं नाही, कारण तो आबाजी. आणि गुरुजींकडून घ्यायचं नाही, कारण ते गुरुजी. पंधरा वर्षं या पट्ट्यात शिकवून बिचाऱ्याने जे नाव कमावलं होतं तेच आडवं येत होतं. दूर कुठे, जिथे त्याला कुणी ओळखत नाही अशा गावी, तो शिकायला गेला असता तर? पण त्याला हाच वॉर्ड हवा होता. चूक असेल तर त्याची एवढीच. शुद्ध हरपलेले आजारी तेवढे नाही म्हणत नसत; मला घेऊन तो त्यांच्याकडेच जाई.

घरची हकिकत मला मोरीवर कळे. आबाजी धूत असे आणि गुरुजी बाजूला उभा राहून बोले. बायको, विमलबाई, परसात दगडावर पाणी काढून ठेवी; आंघोळ केल्याशिवाय घरात पाय नाही. त्याचं ताट वेगळं राखेने घासलं जाई. भावकीतल्या एका लग्नात तो पंगतीला बसला, तर दोन्ही बाजूंच्या पत्रावळी हळूच सरकल्या. कुणी तोंडाने काही बोललं नाही. चुलतभाऊ लक्ष्मणराव तेवढा म्हणाला, की मास्तर, आपल्या घराण्यात आजवर लोकांनी आपल्यासाठी भांडी उचलली.

आबाजीने हे ऐकून घेतलं. सुरुवातीला तो गुरुजींवर नाराज होता. माझ्या पोटावर पाय आणता का, म्हणून त्याने तोंडावर विचारलं होतं. आता तो म्हणाला, "गुरुजी, तुमी दोन म्हयनं भांडं उचललं त्याची पंचक्रोशीत बातमी झाली. मी धा वर्सं उचलतोय."

 त्या दिवसापासून गुरुजी मला दारात आबाजीच्या हाती देऊन परत फिरत नसे. मोरीपर्यंत येई, पाणी ओतू लागे.

दसरा गेला, दिवाळी गेली. तीन महिने उरले, दोन उरले. एके दिवशी आणखी एकाने नकार दिला तेव्हा गुरुजीने मला मोरीच्या फरशीवर आपटलं. माझ्या काठाचा टवका उडाला. आतला काळा पत्रा दिसू लागला. आबाजीने मला उचलून घेतलं, बोटाने तो टवका चाचपला आणि शांतपणे सांगितलं, "भांड्यावर नका काढू. त्याला तरी कोन हाय?"

मग नोव्हेंबरअखेर रंगराव आला. चोवीस वर्षांचा, कुरुळीचाच, गुरुजींचा विद्यार्थी. पिंपरीच्या माळावर तेव्हा नवा कारखाना उभा राहत होता आणि रंगराव तिथे विटा पोहोचवणाऱ्या ट्रकवर होता. ट्रकवरून उडी मारायची सवय. त्या दिवशी पाय चुकला. मांडीचं हाड. तीच दोरी, तीच कप्पी, तेच वजन, आणि मोकळी होती ती चार नंबरचीच खाट.

पोरगा तसा मिश्कील. आल्या दिवशी त्याने डॉक्टरांना विचारलं, वजन पौंडाचं लावलंय का शेराचं, माप बरोबर हाय ना? वॉर्ड हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने भाकरी परत केली. तिसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या भरलेलाच राहिला.

गुरुजीने पडदा ओढला. मी त्याच्या हातात होतो. त्याला राग आला होता. शाळेत कुणी पाहिला नसेल असा.

"रंगा, माझा बाप याच खाटेवर मेला. लाजेनं मेला. तू मला किती मान देतोस ते कळलं. तो मान आता बाजूला ठेव आणि कंबर उचल."

रंगरावने पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाला, "तुमी त्वांड फिरवा."

गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि बाहेरच्या ज्वारीबद्दल काहीतरी बोलत राहिला. काम झालं. परत नेताना रंगरावने त्याच्या कोटाची बाही धरली. "ह्ये कुनाला कळता कामा न्हाई. माझ्यापायी न्हाई म्हनत. तुमच्यापायी. गावात तुमचं नाव हाय."

गुरुजीने शब्द दिला. कुणाला सांगणार नाही.

तिथून गाडी रुळावर आली. रंगरावने शेजारच्याला काय खुणावलं कोण जाणे. पण एकेक जण पडद्याआड कबूल होऊ लागला. मोशीचा बागाईतदार पुन्हा भरती झाला होता, तोही. प्रत्येकाची अट एकच: कुणाला सांगायचं नाही, गुरुजी, तुमच्याच भल्यासाठी. आणि प्रत्येकाला गुरुजीने शब्द दिला. डिसेंबरभर वॉर्डात कुणी उपाशी राहिलं नाही. पाठीला जखम झाली नाही. कुणी खाटेवरून उतरलं नाही. माझ्या आयुष्यात इतकं काम मला कधी मिळालं नव्हतं. आणि हे सगळं कुजबुजत, पडद्याआड, फडक्याखाली. दाराशी नेताना सगळे अशा नजरेने दुसरीकडे पाहत, की जणू गुरुजी रिकाम्या हाताने चालला आहे.

जानेवारीत सहा महिने संपले. संस्थेचे एक पंच सोपानराव मेट्रनबाईंबरोबर वॉर्डात आले. सोपानराव कुरुळीचे जमीनदार, रेशमी फेट्याचे. रंगरावचा बाप त्यांच्या मळ्यावर कामाला. एका पुरुषाने नर्सची जागा अडवली आहे, ही गोष्ट त्यांना आणि त्यांच्या बरोबरीच्या काही जणांना खटकत होती. बाईंना अहवाल लिहायचा होता, म्हणून त्या वही घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर होते, शालन होती, बाकीच्या मुली होत्या. मी चार नंबरच्या खाली होतो.

बाईंनी विचारायच्या आत सोपानरावांनीच विचारलं. मोठ्याने, वॉर्डभर ऐकू जाईल असं. "आमच्या कुरुळीचे गुरुजी तुमची घाण काढतात म्हणे. खरं का हे?"

असं विचारल्यावर काय उत्तर येणार? बागाईतदार आधी उठून बसला. छे छे, म्हणाला, गुरुजी कशाला त्याला हात लावतील. कुनी सांगितलं हो तुमाला? दुसरा म्हणाला, औषध देत्यात, पत्र लिहून देत्यात, पर तसलं काई न्हाई. तिसरा तर शपथ घ्यायला निघाला. एकामागून एक, खाटेमागून खाट. छाती पुढे काढून, गुरुजींची अब्रू राखल्याच्या समाधानात ती माणसं खोटं बोलत होती. जो सकाळीच माझ्यावर बसला होता तोही म्हणाला, मी तर ते भांडं बघितलंच न्हाई.

बाईंची पेन्सिल चालत होती. शालनला राहवलं नाही. ती म्हणाली, बाई, हे सगळं गुरुजीच करतात. बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, तुमचे धडे ते पाठ करून घेतात, तुम्ही त्यांच्या बाजूने बोलणारच. दारात आबाजी उभा होता. त्याच्याइतकं नक्की कुणालाच माहीत नव्हतं. त्याला कुणी विचारलं नाही.

मग कुसुमताई गुरुजीकडे वळल्या. "तुम्ही काय म्हणता?"

बोल, मी मनात म्हणालो. काठाचा टवका दाखव. कोमट पाण्याचं सांग. या सगळ्यांची नावं घे. एवढं ओरडावंसं वाटलं, आणि पत्र्याला आवाज नसतो.  गुरुजीने एकदा चौदा खाटांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "मला काही सांगायचं नाही."

सोपानराव हसले. बघा, म्हणाले, लोकांनी तुमचं नाव राखलं. आता नावाला जागा आणि घरी चला.

बाईंनी वही मिटली. त्या जायला वळल्या आणि तेवढ्यात चार नंबरवरून हात वर गेला. शाळेत वर्गातून बाहेर जायची परवानगी मागताना करतात तसा. दोन बोटं उभी.

वॉर्डात कुणीतरी फिसकन हसलं. सोपानरावांनी विचारलं, "काय रं रंग्या?"

रंगरावने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो गुरुजीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. "गुरुजी, भांडं."

शालन पुढे झाली, तर तो म्हणाला, "तुमी नगं, ताई. गुरुजींनीच द्याचं. रोज त्येच देत्यात. मला देत्यात, आन् ह्या समद्यास्नी देत्यात. आमी खोटं बोललो."

 बागाईतदाराने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

गुरुजीने मला खाटेखालून काढलं आणि मोरीवर नेलं. घाई केली नाही. कोमट पाण्याने खंगाळलं, पुसलं, पावडर टाकली, फडकं घातलं आणि वॉर्डाच्या मधून, त्या सगळ्यांसमोरून, मला परत आणलं. पडदा ओढला. कंबर उचलली गेली. मी जागेवर गेलो. गुरुजीने खिडकीकडे तोंड केलं. या वेळी तो ज्वारीबद्दल बोलला नाही.

बाहेर सगळे थांबले होते. सोपानरावही थांबले, कारण आता निघून जाणं बरं दिसलं नसतं. रंगरावने डोळे घट्ट मिटले होते. एका गालावरून पाणी खाली येत होतं.

आणि मी रिकामा होतो. थेंबसुद्धा नाही. त्याला काही लागलीच नव्हती. त्या पोराने भर वॉर्डात, मेट्रनबाईंसमोर, मुलींसमोर, बापाच्या मालकासमोर स्वतःची लाज काढून ठेवली होती, आणि ती कशासाठी हे मला वजनावरून कळलं.

थोड्या वेळाने गुरुजी वळला. त्याने मला काढलं. माझं वजन हातात घेताच तो जागीच थांबला. रंगरावकडे पाहिलं, रंगरावने डोळे उघडले नाहीत. गुरुजीने फडकं माझ्यावर नीट पसरलं, चारही टोकं दाबली, मला दोन्ही हातांनी समतोल धरलं आणि पडद्याबाहेर आला. भरलेलं भांडं नेताना चालतात तसं, पाय न उचलता, सावकाश. सोपानरावांनी फेट्याचा शेमला नाकाला लावला.

दारात आबाजीने मला घेतलं. मोरीवर जाऊन फडकं काढलं, आत पाहिलं. मग नळ पूर्ण सोडला, फिनेलची बाटली उघडली आणि मला रोजच्यासारखा, रोजच्याइतकाच वेळ घासून घासून धुतला. आतले ऐकतील इतका आवाज करत.

गुरुजी राहिला. कुसुमताईंनी अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याला बोलावून त्याचं माप घ्यायला लावलं. तीन वर्षांनी तो परीक्षा पास झाला आणि त्याच वॉर्डात नेमला गेला. विमलबाईंनी त्याचं ताट इतरांबरोबर घासायला घेतलं की नाही, ते तो बोलला नाही. पंगतीला तो पुन्हा गेला नाही. रंगराव बरा होऊन काठी टेकत घरी गेला. त्याच्या बापाचं मळ्यावरचं काम सुटलं. पुढे चाकणच्या बाजारात गुरुजींना तो दोनदा दिसला, आणि दोन्ही वेळा त्याने रस्ता बदलला. जी माणसं गुरुजींच्या हाती बरी झाली त्यांतली बहुतेक अशीच रस्ता बदलतात. पूर्वी याच बाजारात त्याला ओळीने रामराम मिळत. आबाजीला हे सांगताना तो हसला होता. ते हसू मला आवडलं नाही.

मला मागच्या वर्षी बाद केलं. टवक्याच्या जागी गंज वाढला. आजाऱ्याला टोचेल, म्हणून गुरुजीनेच मला बाजूला काढलं. आता कोठीत मोडक्या खाटांमागे पडून आहे. माझी तक्रार नाही. भांड्याचं आयुष्य एवढंच. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. भिंतीपलीकडून वॉर्ड ऐकू येतो. या जूनपासून गुरुजीच्या हाताखाली दोन मुलगे शिकायला आलेत, असं ऐकतो. आणि अजूनही कुणीतरी म्हणत असतो, काही नको, मला लागलीच नाही. अजूनही.

तुम्ही हे वाचताय म्हणजे आज तरी तुम्ही आपल्या पायांवर उभे आहात. कधीतरी आडवं व्हावं लागेल. तेव्हा समोर पोर असो, आबाजी असो, की पंधरा वर्षं ज्यांना तुम्ही वाकून नमस्कार केला ते गुरुजी असोत, मागून घ्या. फार मोठ्याने नको. त्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचेल एवढंच.

आणि नंतर तो रस्त्यात भेटला, तर रस्ता बदलू नका.